गोव्याला निघताना जाड स्वेटशर्ट? घ्या, पण पारखून

५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून आलेले इंडिगोचे विमान मोपा येथे उतरले आणि पेडण्याच्या पठारावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. दाबोळी विमानतळावर उतरून उत्तरेकडे लांबचा प्रवास करणाऱ्यांना केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हे किनारे एकदम जवळचे झाले. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्या लोकांनाही विमानासाठी हाच तळ सोयीचा. किनारे जवळ आले तशी प्रवासाच्या कपड्यांची चर्चाही वाढली. त्यात सध्या मानाचे पान आहे जाड सुती स्वेटशर्टला. वर भरदार, सैलसर, फिकट रंगाचा स्वेटशर्ट, खाली लिननची पँट आणि पायांत चपला, असा हा पेहराव. छायाचित्रात तो देखणा दिसतो, पण किमतीची चिठ्ठी पाहिली की माणूस दोन पावले मागे सरकतो.

खरेदीला निघालेल्यांचे प्रश्न मात्र ठरलेले असतात. गोव्यात स्वेटशर्ट कशाला? जीएसएम किती घ्यायचा? महाग म्हणजे चांगलाच का? आणि पहिल्याच धुण्यात आटला तर दुकानदार दाद देईल का?

आधी ठरवा: तो कोणत्या तासांसाठी हवा?

पणजीत डिसेंबर-जानेवारीतही दुपारचा पारा ३२ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे तो २०-२१ पर्यंत उतरतो. याला थंडी म्हणायचे तर नाशिककर हसतील. त्यामुळे या भागात जाड स्वेटशर्ट ऋतूसाठी घ्यायचा नसतो, दिवसातल्या मोजक्या तासांसाठी घ्यायचा असतो. ते तास बहुधा असे:

- एसी डब्यातला किंवा बसमधला प्रवास. मुंबईहून मडगावला जाणारी वंदे भारत जून २०२३ पासून धावते. उत्तर गोव्यासाठी थिवीला उतरायचे झाले, तरी सहा-सात तास थंडगार डब्यात जातात. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये तर एसी कमी करायला कुणी तयारच नसते.
- पहाटेचे विमान. आश्वे-मांद्र्याहून मोपाला जाताना अंधारात पठार ओलांडावे लागते. दुचाकीवर मागे बसणाऱ्याला तेव्हा वारा चांगलाच झोंबतो.
- सूर्यास्तानंतर शॅकमध्ये बसणे, सकाळी केरी-तेरेखोल फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहणे, डिचोलीकडे मये तलावाकाठी भल्या पहाटे जाणे.

तुमच्या सहलीत यातले काहीच नसेल, तर खरेदी इथेच थांबवा. एप्रिल-मे आणि पावसाळ्यात हा कपडा पिशवीतच पडून राहील. साधा पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट आणि एखादी ओढणी-शाल एवढ्यावर काम भागते.

जीएसएमचा आकडा कसा वाचावा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. त्यात दर्जाचा काहीही हिशेब नाही. ढोबळ पायऱ्या लक्षात ठेवल्या की दुकानात गोंधळ होत नाही:

- १६० ते २००: नेहमीचा टीशर्ट.
- २२० ते २८०: हलका स्वेटशर्ट. गोव्यातल्या संध्याकाळी पुरेसा.
- ३०० ते ३४०: मध्यम. एसी प्रवास आणि पहाट, दोन्हींना चालतो.
- ३५० ते ४००: खऱ्या अर्थाने जाड. कापड अंगावर ताठ पडते, खांद्याची रेघ सुटत नाही.
- ४५० आणि पुढे: थंड देशांसाठी. पेडण्याच्या किनाऱ्यावर हा कपडा घेणे म्हणजे निव्वळ हौस.

‘जास्त जीएसएम म्हणजे जास्त उंची’ हा समज विक्रेत्यांनीच पसरवला आहे. ५०० जीएसएमचा स्वेटशर्ट आखूड धाग्याच्या स्वस्त सुतापासूनही विणता येतो. तो सहा महिन्यांत बोंदरतो आणि कोपरांपाशी लोंबतो. उलट उत्तम सुताचा ३६० जीएसएमचा कपडा वर्षानुवर्षे टिकतो. किनाऱ्याच्या प्रवासासाठी ३४० ते ३८० हा पट्टा सर्वांत शहाणपणाचा, कारण त्यात कापडाचा भरदारपणा मिळतो आणि धुतलेला कपडा सुकण्याची आशाही राहते.

छापलेला आकडा खरा आहे का, हे घरच्या वजनकाट्यावर कळते. मोठ्या मापाच्या स्वेटशर्टला साधारण दीड चौरस मीटर कापड लागते. म्हणजे ४०० जीएसएमचा कपडा काठ-मनगटांसह सहाशे ग्रॅमच्या वरच भरायला हवा. तो साडेचारशे भरला, तर आकडा फुगवलेला आहे. ऑनलाइन विक्रेत्याला मागवण्यापूर्वीच ‘एल मापाचे वजन किती?’ असे विचारा. प्रामाणिक विक्रेता उत्तर देतो.

आतून लूप की लव?

कपडा उलटा करून पाहा. आत बारीक फासे दिसले तर ते लूपनिट, म्हणजेच फ्रेंच टेरी. फासे खरवडून मऊ लव काढलेली असेल तर ते फ्लीस. दुकानात हात फ्लीसकडेच जातो, कारण ते स्पर्शाला लोभस असते. पण मोपाच्या दमट हवेत ही लव घाम धरते, अंगाला चिकटते आणि काही धुण्यांनंतर तिच्या गाठी होतात. लूपनिटमध्ये हवा खेळते. किनाऱ्यासाठी लूपनिटच घ्या. महाबळेश्वरला किंवा हिमाचलला जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक खोच आहे. बाहेरून सुती दिसणाऱ्या अनेक कपड्यांत आतला धागा पॉलिएस्टरचा असतो आणि वर ‘कॉटन रिच’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. आतल्या शिवणीतली छोटी चिठ्ठी शोधा. तिच्यावर १०० टक्के कॉटन लिहिलेले असेल तरच पूर्ण सुतीचे पैसे द्या. काठ आणि मनगटांत थोडा इलॅस्टेन असला तर हरकत नाही, त्यामुळे ते सैल पडत नाहीत.

‘लक्झरी’ या शब्दात नेमके कशाचे पैसे असतात

स्वेटशर्टचा जन्म चैनीतून झालेला नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात रसेल कंपनीने फुटबॉलपटूंसाठी लोकरीच्या खाजऱ्या सदऱ्याऐवजी सुती सदरा बनवला, तिथून हा कपडा आला. पुढे धुताना लांबी आटण्याचा त्रास टाळण्यासाठी चॅम्पियन कंपनीने कापड आडवे कापून बाजूला रिबच्या पट्ट्या लावल्या आणि १९३८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजही चांगल्या जाड स्वेटशर्टला काखेखाली अशा पट्ट्या दिसतात. त्या निव्वळ शोभेच्या नसतात, म्हणून खरेदीत त्यांना गुण द्या.

आज जास्त पैसे मोजावेत अशा गोष्टी मोजून तीन.

पहिली गोष्ट धागा. लांब तंतूचा कापूस मऊ असतो, चिवट असतो आणि त्याला गाठी कमी पडतात. ‘इजिप्शियन’, ‘पिमा’ ही नावे ऐकून भारावणाऱ्यांनी आपला सुविन विसरू नये. सुजाता आणि सी आयलंड जातीचा सेंट व्हिन्सेंट यांच्या संकरातून कोइम्बतूरला तयार झालेले हे वाण १९७४ मध्ये प्रसारित झाले. त्याचा तंतू ३५ मिलिमीटरहून लांब असतो. विदर्भात पिकणारा नेहमीचा कापूस साधारण २८ ते ३० मिलिमीटरचा. सुविनचे पीक थोडे, त्यामुळे भावही चढे. म्हणूनच अगदी स्वस्त कपड्यावर ‘सुविन’ किंवा ‘पिमा’ लिहिलेले दिसले तर शंका घ्या. चिठ्ठीवर ‘कोम्ब्ड’ आणि ‘रिंग-स्पन’ असे शब्द असतील तर निदान सूतकताईवर मेहनत घेतलेली आहे.

दुसरी गोष्ट विणकाम. जपानमधल्या वाकायामा भागात जुनी टांगती वर्तुळाकार यंत्रे आजही चालतात. ती ताशी जेमतेम मीटरभर कापड विणतात. धाग्यावर ताण पडत नसल्याने ते कापड वर्षानुवर्षे मऊ राहते. तिथल्या स्वेटशर्टची किंमत डोळे विस्फारणारी असते, पण तिला निदान कारण तरी आहे. आपल्याकडचे बहुतेक सुती निटवेअर तिरुप्पूरला बनते, अनेक परदेशी ब्रँडांचेही. तेव्हा कॉलरवरच्या नावापेक्षा कापड महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट शिवण आणि बेत. इथे गोव्याचा स्वतःचा धडा आहे. मोपाहून पणजीच्या वाटेवर, चापोरा नदी ओलांडल्यावर लागणाऱ्या कोलवाळ गावात वेंडेल रॉड्रिक्स राहत. किनारी वेशभूषेला भारतीय फॅशनमध्ये प्रतिष्ठा देणारे, कुणबी साडीचे पुनरुज्जीवन करणारे आणि २०१४ मध्ये पद्मश्री मिळालेले हे डिझायनर २०२० मध्ये गेले. त्यांचे कपडे ओळखले जात ते साधेपणा, सुटसुटीत पडण आणि वारा खेळवणाऱ्या कापडासाठी. जाड स्वेटशर्टची चलती या परंपरेच्या थोडी विरुद्धच जाते. दोघांचा मेळ घालायचा तर स्वेटशर्ट वरचा थर म्हणून वापरा. आत पातळ लिननचा किंवा मलमलचा सदरा घाला. ऊन चढले की स्वेटशर्ट उतरवून खांद्यावर टाकता येतो.

नक्षी, मोठे बोधचिन्ह, मर्यादित आवृत्तीचा क्रमांक यांचे पैसे द्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. कपड्याच्या आयुष्यात त्याने एका दिवसाचीही भर पडत नाही.

दुकानातली पाच मिनिटांची तपासणी

- काठ आणि मनगट ताणून सोडा. ते लगेच मूळ आकारात यायला हवे.
- कपडा जमिनीला समांतर धरून बाजूची शिवण पाहा. ती पुढे किंवा मागे वळलेली असेल, तर धुतल्यावर आणखी पिळवटेल.
- कापड उजेडासमोर धरा. जाडसर कापडातून ठिपक्या-ठिपक्यांनी उजेड येत असेल तर वीण सैल आहे.
- आतली शिवण सपाट असावी. उभारलेली शिवण बॅकपॅकच्या पट्ट्याखाली घासते.
- झिप असेल तर ती पितळेची किंवा प्लास्टिकची घ्या. साध्या पोलादी झिपला खारी हवा लवकर खाते. खरे तर किनाऱ्यासाठी बिनझिपचा, गोल गळ्याचाच बरा.
- ‘प्री-श्रंक’ लिहिलेले नसेल तर माप थोडे सैल घ्या. सुती लूपनिट पहिल्या धुण्यात लांबीला सहज आटते.

मीठ, लाल माती आणि फिकट रंग

सध्या चलती आहे ती मलईदार, वाळूसारख्या फिकट रंगांची. मोपाचे पठार मात्र जांभ्या दगडाचे आहे. त्याची लाल धूळ, आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यातली तर जास्तच, लोहयुक्त असते. तिचा डाग हट्टी. डाग पडला तर आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका आणि मगच थंड पाण्यात धुवा. ओला असताना चोळलात की माती धाग्यात शिरते. क्लोरीन ब्लीच अजिबात नको, त्याने लोहाचा डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचे पाणी लावून पाहा, पण आधी आतल्या कोपऱ्यावर. काही सनस्क्रीनमधला अ‍ॅव्होबेन्झोन हा घटक लोहयुक्त पाण्याशी मिळून कॉलरवर पिवळे-नारिंगी डाग पाडतो. म्हणून सनस्क्रीन लावल्यावर ते अंगात जिरू द्या, मग कपडा घाला.

हे सगळे टाळायचे असेल तर राखाडी मेलांज, गडद ऑलिव्ह किंवा विटकरी रंग घ्या. विटकरीवर पेडण्याची माती दिसतही नाही.

मिठाचा त्रास वेगळा. मीठ हवेतला ओलावा ओढते. समुद्राच्या तुषारांनी भिजलेला कपडा नुसता वाळवला तर दमट हवेत तो पुन्हा ओलसर लागतो आणि त्याला कुबट वास येतो. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर नाही, पण खारे पाणी लागल्यावर तो गोड्या पाण्यात खळखळून काढायलाच हवा. जाड सूत सुकायला वेळ घेते. हिवाळ्यातही पूर्ण दिवस धरा, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. दोरीवर खांद्यांपाशी टांगू नका, पाण्याच्या वजनाने कपडा लांबतो. उलटा करून, सपाट पसरून, सावलीत वाळवा. सहल तीन दिवसांची असेल तर तिथे धुण्याचा विचारच करू नका. धूळ झटकून आणा आणि घरी धुवा.

स्वेटशर्ट घालून पाण्यात उतरणे हा निव्वळ वेडेपणा. सूत स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज पिते आणि लाटेत ते ओझे हातपाय हलू देत नाही.

विमानात तो बॅगेत कोंबण्यापेक्षा अंगावर घाला. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या इकॉनॉमीच्या केबिन बॅगेला ७ किलोंची मर्यादा घालतात. त्यातला पाऊण किलो एकट्या स्वेटशर्टला देणे महागात पडते. सुरक्षा तपासणीत तो काढायला सांगू शकतात, म्हणून आत टीशर्ट असू द्या.

कुठून घ्यावा?

ब्रँडच्या दुकानात हात लावून पाहता येते आणि पक्के बिल मिळते. पैसे जास्त जातात. ऑनलाइन निवड अफाट, पण कापड हातात येत नाही. तिथे मापाचा तक्ता सेंटिमीटरमध्ये तपासा आणि घरातल्या नीट बसणाऱ्या स्वेटशर्टशी छाती-लांबी जुळवा. परदेशी संकेतस्थळावरून मागवलात तर सीमाशुल्क व कर वेगळे पडतात आणि कपडा परत पाठवणे जवळपास अशक्य होते.

हरमलच्या गल्लीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात ‘एक्सपोर्ट सरप्लस’ नावाने जे मिळते, त्यात कधीकधी खरोखर चांगला माल सापडतो. चिठ्ठी कापलेली असते, एखादी शिवण चुकलेली असते, कापड मात्र अस्सल. वर दिलेली तपासणी इथेच सर्वाधिक उपयोगी पडते. ‘फर्स्ट कॉपी’ मात्र सरळ नकली माल. नामांकित ब्रँडचे चिन्ह लावलेला स्वेटशर्ट मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शात मिळत असेल, तर कुठलाही ब्रँड त्याची जबाबदारी घेणार नाही आणि बिनबिलाच्या विक्रेत्यापुढे तुमचा दावाही लंगडा पडेल.

किंमत, कर आणि तुमचे हक्क

२२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवरचा जीएसटी असा आहे: नगाची विक्री-किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. उंची स्वेटशर्ट बहुधा दुसऱ्या गटात जातो. पण छापील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेलेच असतात. तिच्यावर आणखी कर मागणे बेकायदा आहे. ‘५० टक्के सूट, जीएसटी वेगळा’ अशी पाटी लावून नंतर कर जोडण्याचा खेळ जुना आहे. कमी केलेल्या छापील किमतीवर वेगळा कर लावणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच ठरवले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार लक्षात ठेवायचे मुद्दे:

- बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल मागायला संकोचू नका.
- सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीने हा हक्क संपत नाही.
- केवळ रंग आवडला नाही किंवा माप चुकले म्हणून कपडा परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही. ते दुकानाच्या धोरणावर असते. ते आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.
- ऑनलाइन विक्रेता सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे नाकारू शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

‘सदोष’ ठरवताना वाद होतो तो आटण्यावरून. चिठ्ठीवरच्या धुण्याच्या सूचना पाळूनही कपडा माप बदलण्याइतका आटला किंवा रंग उतरला, तर तुमची बाजू भक्कम. ‘थंड पाण्यात धुवा’ लिहिलेले असताना गरम पाण्यात घातला असेल, तर दाद मागणे कठीण. म्हणून नवा स्वेटशर्ट धुण्याआधी सपाट पसरून मोजपट्टीसह एक छायाचित्र काढून ठेवा.

पर्यटकांना हमखास माहीत नसते अशी गोष्ट: तक्रार करायला गोव्यात परत यावे लागत नाही. हरमलला घेतलेल्या स्वेटशर्टबद्दल नाशिकला राहणारा ग्राहक नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, कारण कायद्याने राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी दुकानाला लेखी कळवा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, तिथे मराठीतही बोलता येते. बरीच प्रकरणे एवढ्यावरच मिटतात. न मिटल्यास ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून आयोगाकडे तक्रार दाखल करा. सोबत बिल, पैसे दिल्याचा यूपीआय संदेश, किमतीच्या आणि आतल्या शिवणीतल्या अशा दोन्ही चिठ्ठ्यांचे छायाचित्र आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद जोडा. स्वेटशर्ट मात्र निकाल लागेपर्यंत पुन्हा धुऊ नका.